ड्रायव्हर लोकांसाठी प्रथमोपचार वर्ग: छातीच्या तासानेच पैसे वसूल

ऊस वाहतुकीचा धंदा आहे माझा, कराडच्या बाजूला. ट्रॅक्टरला कुठला सीटबेल्ट आणि कुठली एअरबॅग. ट्रॉलीने मागून रेटा दिला की ड्रायव्हरची छाती थेट स्टिअरिंगवर. म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आधी एका दिवसाच्या प्रथमोपचार वर्गाला पोरांना घेऊन गेलो आणि स्वतःही बसलो. माणशी आठशे रुपये, चहा-जेवण धरून.

सकाळ वाया गेली म्हटलं तरी चालेल. इंग्रजी स्लाइड लावायच्या, त्याच वाचून दाखवायच्या आणि पट्ट्या गुंडाळायचे नाना प्रकार. पोरं मोबाईलमध्ये.

जेवणानंतर आले ते सैन्याच्या वैद्यकीय दलातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना मेजर म्हणत होते. त्यांनी आधी प्रोजेक्टर बंद केला आणि पिशवीतून खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या बरगड्या काढल्या. दोन माळकरी क्लिनर उठून दारात जाऊन उभे राहिले. मेजरांनी कडकन एक बरगडी मोडली आणि तिचं टोक आत कसं घुसतं ते बोटाने दाखवलं. वर ओरखडाही नसेल, पण मुका मार लागलेल्याच्या फुप्फुसाभोवती एका बाजूला दीड लिटरच्या वर रक्त साठू शकतं. तळाच्या बरगड्यांना मार असेल तर डावीकडे प्लीहा आणि उजवीकडे यकृत, म्हणजे रक्त पोटात. म्हणून "काय नाय झालं मालक" म्हणणाऱ्यालाही दवाखान्यात न्यायचंच.

त्यांचा सगळा भर बघण्यावर. शर्ट कापा, दोन्ही बाजू सारख्या हलतात का बघा. लागोपाठच्या तीन-चार बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडल्या असतील तर श्वास घेताना तेवढाच तुकडा आत जातो, सोडताना बाहेर येतो. ओठ निळे पडलेत का, थुंकीत फेसाळ रक्त आहे का, कातडीखाली हात लावल्यावर करकर लागते का. मग श्वास मोजायचे. आपण मोजतोय हे कळलं की समोरचा वेगळाच श्वास घेतो, म्हणून नाडी बघतोय अशा थाटात मनगट धरायचं आणि नजर छातीवर ठेवायची. हे आम्हाला जोड्या लावून करायला लावलं. बसल्या जागी मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास होतात. ३० च्या वर गेले की वेळ फार थोडा आहे असं समजायचं.

करायचं काय, तर थोडंच. १०८ लावा. शुद्धीत असेल तर अर्धवट बसवा आणि दुखऱ्या बाजूला रेलू द्या. चांगलं फुप्फुस मोकळं राहतं. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, तर दुखरी बाजू खाली करून कुशीवर घ्या. छातीभोवती उपरणं करकचून बांधू नका. पाणी पाजू नका. आपल्याकडे बाटली आधी पुढे येते. सळई घुसली असेल तर उपसू नका, आजूबाजूने कापड लावून ती हलणार नाही असं बघा.

छातीला भोक पडून हवा आत-बाहेर होत असेल तर काय, यावर बराच वेळ गेला. पूर्वी प्लास्टिक लावून तीन बाजूंनी चिकटपट्टी मारायला शिकवायचे. आता साध्या प्रथमोपचारात जखम उघडीच ठेवा म्हणतात. रक्त वाहत असेल तर गॉज हलक्या हाताने धरा आणि भिजलं की बदला. हवाबंद झालं की हवा आत कोंडते, फुप्फुस दबतं, मग हृदयावर दाब येतो. झाकल्यावर धाप वाढली तर झाकण आधी काढा. हे मेजरांनी कारणासकट सांगितलं, म्हणून पोरांच्या डोक्यात राहिलं. आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १३४अ: मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही. ते ऐकून मागची रांग पहिल्यांदा सरसावून बसली.

शेवटी विकायला ठेवलेला बॉक्स मात्र घेऊ नका. कापूस, बोटभर पट्ट्या आणि कागदही धड न कापणारी कात्री. त्याच पैशात मेडिकलमधून मोठं गॉज, रोलर बँडेज, हातमोजे आणि जाड कापड कापणारी कात्री येते. नाव नोंदवताना दुपारचं सत्र कोण घेणार ते विचारा. मेजर असतील तर जा, सकाळी चहाला उशिरा पोहोचलात तरी बिघडत नाही.