संचार साथी: गोव्यातून पाहिलेली एक सरकारी सेवा

केंद्रीय दूरसंचार विभागाने मे २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील सर्वांत उपयुक्त सोय म्हणजे आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत हे ओटीपी टाकताच कळणे. आधारची प्रत हॉटेलापासून दुकानापर्यंत कुठेही देणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती एकदा तरी वापरावीच. अनोळखी क्रमांक दिसला, तर तो आपला नसल्याचे तिथेच कळवता येते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फोन हरवला, तर तो देशभर बंद करवता येतो, मात्र त्यासाठी पोलीस तक्रारीची प्रत आणि ओटीपीसाठी चालू सिम लागते, म्हणजे घाई असतानाच थांबणे आले. नव्या फोनांत संचार साथीचे ॲप आधीच बसवण्याची सक्ती सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये मागे घेतली, हे माझ्या मते योग्यच झाले. पिनकोड टाकून परिसरातील ब्रॉडबँड कंपन्याही शोधता येतात, पण सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावर इंटरनेट रखडले, तर दाद आधी कंपनीकडे आणि नंतर तिच्याच अपील यंत्रणेकडे मागावी लागते. दूरसंचार नियामक असलेली ट्राय वैयक्तिक तक्रारी निकालात काढत नाही.