ॲसेटिक ॲसिडला टिकणारं यीस्ट: एचएए१ वाढवावं, एफपीएस१ काढावं, की निवडीनं घडवावं?

उसाच्या चोथ्यापासून इथेनॉल करताना यीस्ट अडखळतं, ते बहुधा ॲसेटिक ॲसिडमुळे. चोथ्यातल्या हेमिसेल्युलोजचे (पेशीभित्तीतल्या एका घटकाचे) ॲसेटिल गट सुटले की हे ॲसिड रसात उतरतं. ॲसिड दुबळं आहे (पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मं फुटतं तो, ४.७६), आणि तेच त्रासदायक. लिटरला ५ ग्रॅम ॲसिड असेल, तर पीएच ४ ला त्यातलं सुमारे ४.३ ग्रॅम अविघटित (न फुटलेलं) राहून पेशीत शिरू शकतं, पीएच ५.५ ला जेमतेम ०.८ ग्रॅम. पेशीत पीएच सातच्या आसपास असतो, तिथे ते प्रोटॉन आणि ॲसिटेटमध्ये फुटतं. सुटलेले प्रोटॉन बाहेर फेकण्यात पेशीपटलातला पीएमए१ पंप एटीपी (पेशीची ऊर्जा) जाळतो आणि ॲसिटेट आत साचतं. तेव्हा आधी पीएच वाढवून बघा. मात्र तसं केलं की जिवाणूंचं फावतं. मग उरतं यीस्टच बदलणं, आणि त्याच्या तीन वाटा: एचएए१ जनुक वाढवणं, एफपीएस१ जनुक काढणं, किंवा ॲसिडात वाढवत टिकणारं यीस्ट निवडणं.

एचएए१ हे ॲसेटिक ॲसिडला प्रतिसाद देणाऱ्या बऱ्याच जनुकांचं बटण. टीपीओ२, टीपीओ३ हे पेशीपटलातले वाहक त्याच्याच हाताखाली. टीईएफ१ सारखा जोरदार प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) लावा, किंवा प्रथिनात १३५ व्या जागी सेरीनऐवजी फिनाइलॲलनिन आणा. फायदा मुख्यतः वाढ सुरू होण्याआधीचा खोळंबा कमी होण्यात दिसतो. जनुक प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर) ठेवू नका, गुणसूत्रात बसवा; नाहीतर निवडीचा दाब सुटला की ते गळतं.

एफपीएस१ ही पेशीपटलातली वाहिनी, ॲसिड आत येण्याची एक वाट. ती काढली की ॲसिड कमी शिरतं, पण ग्लिसरॉल बाहेर जाण्याचं दारही तेच. घट्ट मळीतून पातळ माध्यमात गेलेली पेशी फुगते आणि ग्लिसरॉल सोडू न शकल्यानं फुटायला येते. शिवाय औद्योगिक स्ट्रेनमध्ये (यीस्टच्या वाणांत) जनुकाच्या दोन किंवा अधिक प्रती असतात. एक जरी उरली तर वाट उघडीच, म्हणून प्रत्येक वसाहत पीसीआरनं (डीएनएच्या चाचणीनं) तपासा.

निवडीत जनुकाला हात लावावा लागत नाही. लिटरला ३ ग्रॅम ॲसिडपासून सुरुवात करून दर वेळी १:१०० पातळ करत ॲसिड हळूहळू वाढवा. एका फेरीत साधारण ६.६ पिढ्या, म्हणजे तीस फेऱ्यांत दोनशे. फसगत एकच, पण नेहमीची: सहनशक्ती तात्पुरती निघते. ॲसिडशिवाय ३०-४० पिढ्या वाढवून पुन्हा ॲसिडात टाका. टिकली तरच खरी.

डिस्टिलरीसाठी आमची पसंती निवडीला, कारण जनुकांत फेरफार केलेल्या जीवांना भारतात १९८९ च्या नियमांखाली परवानगी लागते. प्रयोगशाळेत कारण उकलायचं असेल तर एचएए१. एफपीएस१ ला हात घालायचा, तर साखरेची घनता फारशी बदलत नाही अशाच ठिकाणी.

आणि यीस्ट पुन्हा वापरण्यासाठी सल्फ्युरिक ॲसिडानं पीएच २-२.५ ला धुताना मरत असेल, तर यातलं काहीही घेऊ नका. तो मार प्रोटॉनचा आहे, ॲसिटेटचा नाही. खात्रीसाठी त्याच पीएचला फक्त हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलेली एक बाटली शेजारी ठेवा: तिथेही वाढ थांबली, तर दोष पीएचचाच.