पाच हजार प्रश्नांची फाइल: ऑर्थोच्या रेसिडेंटांनो, पैसे भरण्याआधी वाचा

ऑर्थो म्हणजे हाडांच्या शस्त्रक्रियेच्या पदव्युत्तर (एमएस, डीएनबी) परीक्षा जवळ आल्या की मुंबईत परळ-सायनच्या मेडिकल हॉस्टेलांवर टेलिग्रामच्या लिंक फिरू लागतात. 'ऑर्थो एमएस-डीएनबी, पाच हजार प्रश्न उत्तरांसकट, आज रात्रीपर्यंतच तीन हजारांत.' इमर्जन्सी ड्यूटी उतरून आलेला, झोपेला आलेला रेसिडेंट क्यूआर स्कॅन करून मोकळा होतो. आमच्यातलेही काही जण यात फसलेत.

पैसे टप्प्याटप्प्याने उकळतात. आधी ड्राइव्हची लिंक येते, पण फाइलला पासवर्ड असतो. पासवर्डसाठी 'ॲक्टिव्हेशन'चे आणखी हजार. भांडायला गेलात तर 'रिफंड देतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका'. यूपीआय पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही. तो टाकलात की आणखी पैसे गेले.

'पेपर फुटलाय' म्हणणाऱ्यांचा पुरावा तर अगदीच पोकळ. चॅनेलवरची जुनी पोस्ट नंतर एडिट करता येते आणि तारीख जुनीच राहते. पेपर झाल्यावर त्यात खरे प्रश्न भरायचे आणि 'बघा, आम्ही आदल्या दिवशीच टाकले होते' म्हणून पुढच्या बॅचला दाखवायचं. पोस्टखाली 'एडिटेड' दिसतंय का ते बघा.

पण खरं नुकसान फाइल उघडल्यावर होतं. हाती आलेल्या एका फाइलमध्ये क्लबफूटचा (जन्मतः आत वळलेल्या पावलाचा) प्रश्न होता: पॉन्सेटीच्या (प्लास्टर बदलत पाऊल सरळ करण्याच्या पद्धतीच्या) पहिल्या कास्टला, म्हणजे प्लास्टरला, काय कराल? उत्तर दिलं होतं, पायाचा पुढचा भाग प्रोनेट करा, म्हणजे तळवा बाहेर वळवा. हे साफ उलटं आहे. पहिला मेटाटार्सल (अंगठ्यामागचं हाड) वर उचलून पुढचा भाग सुपिनेट करायचा, म्हणजे तळवा आत वळवायचा, तेव्हा केव्हस (पावलाची जास्त उंच कमान) सुटतो. प्रोनेट केलं तर केव्हस वाढतो. खाली आणखी एक चूक: डॉक्टरच्या अंगठ्याचा दाब कॅल्केनिओक्यूबॉइड सांध्यावर (पावलाच्या बाहेरच्या कडेला, टाचेच्या हाडापुढे). दाब टॅलसच्या (घोट्यातल्या हाडाच्या) डोक्यावर हवा. क्यूबॉइडपाशी दाबलं तर कॅल्केनियम (टाचेचं हाड) बाहेर फिरतच नाही आणि टाचेचा व्हेरस, म्हणजे आतला कल, तसाच राहतो. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हे बोललात तर गुण जातील. ओपीडीत केलंत तर लेकराचा पाय बिघडेल.

दुसरा प्रश्न लहान मुलांच्या सुप्राकॉन्डायलर (कोपराच्या लगेच वरच्या) फ्रॅक्चरचा, गार्टलंड तीन म्हणजे हाड पूर्ण सरकलेलं, हात गुलाबी पण नाडी लागत नाही. फाइलचं उत्तर: थेट ब्रेकियल आर्टरी (दंडातली मुख्य धमनी) उघडा. खरं म्हणजे आधी तातडीने क्लोज्ड रिडक्शन (न कापता हाड जागेवर बसवणं) आणि के-वायर (हाड धरून ठेवणाऱ्या बारीक तारा), मग हात पुन्हा तपासायचा. गुलाबी, उबदार, कॅपिलरी रिफिल (नख दाबून सोडल्यावर रंग परत येणं) चांगला असेल तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. रिडक्शननंतरही हात पांढरा राहिला तर उघडायचं.

शिवाय हे सगळे चार पर्यायांचे प्रश्न. डीएनबीच्या थिअरीला शंभर गुणांचे चार पेपर, सगळे लिहून द्यायचे. तिथे पर्याय ओळखण्याचा सराव कितीसा कामाला येणार? अमेरिकन बोर्डाच्या सरावावरून उचललेल्या फाइलमध्ये मणक्याच्या टीबीवर जेमतेम काही सापडतं, आणि आपल्याकडे प्रात्यक्षिक परीक्षेतल्या लाँग केसला (पेशंट सविस्तर तपासून मांडण्याला) नेमका तोच पेशंट समोर येतो.

सरावासाठी प्रश्न घ्यायचेच असतील तर नमुन्याचे दहा मागा, तेही तुम्ही निवडलेल्या विषयांचे. प्रत्येक उत्तर पुस्तकात पडताळा. स्पष्टीकरणाखाली संदर्भ नसेल किंवा दहात दोन उत्तरं चुकली, तर तिथेच थांबा. जुने पेपर डिपार्टमेंटच्या लायब्ररीत आणि सीनियरांकडे फुकट मिळतात.

पैसे गेलेच असतील तर आधी स्क्रीनशॉट घ्या, कारण टेलिग्रामवर समोरचा दोन्हीकडचं चॅट पुसू शकतो. नुसतं दिसणारं नाव पुरत नाही, युजरनेम आणि यूपीआय आयडीही टिपा. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर (संदर्भ) नंबर हाताशी ठेवून लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बँकेलाही कळवा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त, म्हणून लाजेने सकाळपर्यंत थांबू नका.

आणि त्या फाइलमधून जे पाठ केलंय, त्या विषयांवर वहीत खूण करून ते पुस्तकातून पुन्हा वाचा, लहान मुलांचे विषय सर्वांत आधी.