बेळगावच्या टिळकवाडीतलं श्रवणयंत्र केंद्र: गोंगाटाची चाचणी होते, पण कुठल्या भाषेत?

शांत खोलीत ‘टूं-टूं’ ऐकवून काढलेल्या आलेखावर इथं काम भागवत नाहीत, ही जमेची बाजू. गोंगाटात बोलणं किती कळतं ते मोजणारी क्विकसिन ही इंग्रजी चाचणी घेतात: चौघांच्या बडबडीत 6 वाक्यं, प्रत्येकात 5 मोजायचे शब्द. पहिल्या वाक्याला बोलणं गोंगाटापेक्षा 25 डेसिबल वर, मग दर वाक्याला 5 नं खाली, शेवटी दोन्ही बरोबरीला. बरोबर आलेले शब्द 25.5 मधून वजा करायचे. उत्तर 3 पर्यंत आलं तर ठीक. 7 च्या पुढं गेलं तर खडेबाजारच्या गर्दीत नुसता आवाज वाढवून उपयोग नाही, दिशा धरणारा किंवा बोलणाऱ्याच्या गळ्यातला माइक लागतो. अशा 6 वाक्यांच्या एका यादीवर मात्र विसंबू नका, दोन-तीनांची सरासरी मागा.

खोट भाषेची. मराठी आजीला इंग्रजी शब्द कळला नाही, तरी कागदावर दोष कानाचाच दिसतो. मग तपासनीस स्वतः मराठी वाक्यं वाचतो. आवाज खालीवर होतो, वर ओठही दिसतात! रेकॉर्ड केलेली वाक्यंच मागा. त्यांना वरचे आकडे लावता येत नाहीत, पण यंत्र घालून आणि काढून, त्याच खुर्चीत, बोलणं समोरून आणि गोंगाट मागून, ही तुलना पुरेशी बोलकी असते. नव्या बॅटऱ्या घालून जा.