चाच्यांची होडी: तलावपाळी की ऐरोली?

मे महिन्यात भाचरं ठाण्याला आली की होडीचा हट्ट ठरलेला. त्यात समुद्री चाच्यांचा खेळ हवा असेल, तर जवळची ठिकाणं दोन: ठाण्यातली तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलाव, आणि ऐरोलीची खाडी. मुलं चार-पाच वर्षांची असतील तर सरळ तलावपाळी गाठा. सात-आठच्या पुढची असतील तर ऐरोलीचा विचार करा.

तलावपाळीला भरती-ओहोटीची भानगड नाही. काठ कायम नजरेत, मूल रडलं तर लगेच वळता येतं. पायडल बोटीत पुढे दोन मोठी माणसं आणि मुलं मागे, असंच बसा. लहानांना पुढे बसवलं की पायडल गाठण्यासाठी ती सीटवरून घसरतात. तलवारबाजीला उभी राहिली की बोट एका अंगाला कलते, म्हणून लढाई काठावर आणि बोटीत फक्त नकाशा. एका डोळ्यावरची पट्टीही चढताना-उतरताना काढा. एका डोळ्याने पायरीचं अंतर चुकतं. खजिन्यात चॉकलेटची नाणी नकोत, मेच्या उन्हात त्यांचा लगदा होतो. राजगिऱ्याच्या वड्या टिकतात.

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्राची बोट खाडीत जाते आणि तिथलं गणित वेगळं. ठाणे खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. आरडाओरडा, फुगे, कागदी तुकडे तिथे चालणार नाहीत. ‘चाच्यांचे हेर’ हा खेळ मात्र छान जमतो: दुर्बीण, वही आणि कुजबुज. (इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हटलं होतं. ते तर मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, तेव्हा खेळाला आरमार म्हणालात तरी बिघडत नाही.)

सहल फसते ती बहुधा वेळेमुळे. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो, पक्षी उठून दुसरीकडे बसतात. पूर्ण ओहोटीला बोटीलाच पाणी पुरत नाही. मधली वेळ हवी, आणि ती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. हा ढोबळ अंदाज झाला, खाडीत आत पाणी आणखी उशिरा चढतं. म्हणून केंद्राने दिलेली फेरीची वेळच धरा, आगाऊ नोंदणी करा. सगळ्यांची मिळून एकच बोट असते. एका मुलाला कंटाळा आला म्हणून ती वळत नाही. पाच वर्षांच्या पोराला तेवढा वेळ गप्प बसवणं कठीणच.

लाइफ जॅकेट दोन्हीकडे मुलाच्या वजनाचंच मागा. बंद लावून खांद्याशी धरून वर उचला. ते कानापर्यंत आलं तर सैल आहे, पाण्यात डोक्यावरून निसटेल. मोठ्यांचं जॅकेट आवळून भागवू नका. चाच्याचा झगा जॅकेटच्या आत घाला, वरून नाही. मापाचं जॅकेट नसेल तर त्या दिवशी काठावरच खेळा. आणि निघण्यापूर्वी सगळ्यांना शू करायला लावा, बोटीत सोय नसते.