तिकिटं सुकवायची वही: मुंबईच्या पावसाळ्यात घेण्यासारखी आहे का?

वापरलेली पोस्टाची तिकिटं पाण्यात सोडवल्यावर सुकवण्यासाठी मिळणारी ही वही दिसायला साधी असते. जाड टिपकागदाचं एक पान, मग पाणी न शोषणारं गुळगुळीत पान, पुन्हा टिपकागद, अशी बांधणी. तिकीट डिंकाच्या बाजूनं गुळगुळीत पानावर ठेवायचं, वर टिपकागद मिटायचा आणि वहीवर वजन ठेवायचं. टिपकागद चित्राच्या बाजूनं पाणी ओढतो आणि मागे राहिलेला डिंक कशाला धरत नाही. हे काम वही चोख करते. ‘तिकिटं पानाला चिकटली’, ‘डाग उठले’ अशा तक्रारी ऐकू येतात, पण त्यांचं मूळ बहुतेक वेळा आधीच्या भिजवण्यात असतं.

म्हणून आधी भिजवण्याबद्दल. तिकिटाभोवती साधारण एक सेंटिमीटर कागद ठेवून पाकीट कापा. कात्री तिकिटाच्या कडेच्या दात्यांजवळ नेली की एखादा दाता हमखास तुटतो, आणि दाता तुटलेल्या तिकिटाला किंमत उरत नाही. मग कापलेले तुकडे रंगाप्रमाणे वेगळे करा. पांढरी पाकिटं एका ताटात, खाकी दुसऱ्यात. लाल, हिरव्या किंवा गडद रंगाच्या पाकिटांचे तुकडे एकेक करून, कारण त्यांचा रंग पाण्यात उतरतो आणि शेजारच्या तिकिटांत मुरतो. कचेऱ्यांच्या जांभळ्या रबरी शिक्क्यांचं तसंच आहे. शिक्क्याचा तेवढा भाग आधीच कापून टाकलेला बरा.

पसरट ताटात दोन-तीन सेंटिमीटर पाणी पुरतं. नळाचं साधं पाणी घ्या, गरम नको. गरम पाण्यानं डिंक लवकर सुटतो, पण पाकिटाचा आणि शाईचा रंगही तितक्याच लवकर सुटतो. तुकडे चित्र वर ठेवून तरंगू द्या. डिंक साधा असेल तर पंधरा-वीस मिनिटांत तिकीट आपोआप सरकतं. सरकलं नाही तर आणखी वेळ द्या, ओढू नका. ओल्या कागदात जोर नसतो. ओढलं की तिकिटाच्या पाठीचा पापुद्रा निघतो आणि उजेडात धरल्यावर तेवढी जागा पातळ दिसते. पाठवणाऱ्यानं वरून फेविकॉल लावलं असेल तर कधी कधी तासभरही जातो.

आता सगळ्यात जास्त चुकणारी पायरी. तिकीट सुटलं म्हणजे डिंक गेला असं नाही. तिकीट दुसऱ्या स्वच्छ पाण्यात घ्या, तळहातावर उलटं ठेवा आणि पाठीवरून बोटाचं टोक हलकेच फिरवा. बुळबुळीत लागलं तर डिंक आहे. कागदाचा किंचित खरखरीतपणा बोटाला जाणवेपर्यंत पाणी बदलत राहा. हा डिंक राहिला तर कितीही चांगल्या वहीत तिकीट वळतं, कारण डिंकाचा थर आणि कागद सुकताना सारखे आकसत नाहीत.

वहीत ठेवण्याआधी तिकिटं पांढऱ्या सुती कापडावर निथळवा. वर्तमानपत्रावर ठेवू नका, छपाईची शाई ओल्या तिकिटावर उतरते. उचलायला चपट्या टोकाचा चिमटा वापरा. तिकिटं एकमेकांना न लागता ओळीनं मांडा, वर दोन जाड पुस्तकं ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. उन्हात किंवा इस्त्रीखाली सुकवण्याचा मोह टाळा. एकानं रंग उडतो, दुसऱ्यानं कागद चकाकतो.

मुंबईत खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. हवेतली ओल टिपकागद आधीच पिऊन बसलेला असतो, त्यामुळे एका रात्रीत तिकिटं पूर्ण सुकत नाहीत. वापरण्याआधी टिपकागदाची पानं पंख्याखाली उघडी ठेवा किंवा त्यांच्यावर कोमट इस्त्री फिरवा. गुळगुळीत पानांना मात्र इस्त्री लावू नका, ती प्लॅस्टिकची असतील तर वितळतील. पावसाळ्यात दुसरी रात्र धराच, आणि अल्बममध्ये लावण्याआधी तिकिटं एक दिवस मोकळी ठेवा. ओलसर तिकीट प्लॅस्टिकच्या पट्टीमागे गेलं की बुरशीचे तपकिरी ठिपके येतात आणि ते जात नाहीत.

वहीतल्या उणिवाही सांगायला हव्यात. टिपकागदाला एकदा रंग लागला की ते पान बाद. सुटी पानं मिळत नसतील तर पूर्ण वहीच बदलावी लागते. शिवणीजवळ वही नीट दबत नाही, तिथे ठेवलेली तिकिटं वाकतात, म्हणून ती दोन बोटं जागा मोकळी सोडा. महिन्याला पाच-दहा तिकिटं सोडवणाऱ्याला तिची गरज नाही. अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या स्टेशनरीच्या दुकानांतून टिपकागद आणि बेकिंगचा बटर पेपर आणून आळीपाळीनं रचला की तेच काम होतं. ड्रॉइंगचा बटर पेपर घेऊ नका, ओल लागली की त्याला लाटा पडतात. पाकिटाच्या कागदाला चिकटलेलीच तिकिटं किलोवर घेऊन शेकड्यानं सोडवणाऱ्यानं मात्र वहीच घ्यावी. एकसारखा दाब आणि वाचणारा वेळ, दोन्ही पैशाला पुरून उरतात.

काही तिकिटं पाण्यात घालायचीच नाहीत, मग वही कितीही उत्तम असो. जम्मू-काश्मीर संस्थानची जलरंगात छापलेली जुनी तिकिटं पाण्यात विरघळतात. चंदन (2006), गुलाब (2007), जॅस्मिन (2008) आणि कॉफी (2017) या सुगंधी तिकिटांचा वास भिजवल्यावर कमी होतो. अमेरिकेची अलीकडची स्वतः चिकटणारी तिकिटं पाण्याला दाद देत नाहीत, तर ब्रिटनच्या 2009 नंतरच्या नेहमीच्या तिकिटांत सुरक्षेसाठी काप असतात आणि ओढताना ती तिथेच फाटतात. अशी तिकिटं भोवतीच्या कागदासकट चौकोनी कापून ठेवावीत. आणि गोल शिक्क्यात गाव नि तारीख स्वच्छ उमटली असेल, किंवा रजिस्टर पोस्टाची क्रमांकाची चिठ्ठी शाबूत असेल, तर पाकिटाला कात्रीच लावू नये. पाकीट पूर्ण असेल तरच त्या शिक्क्याला अर्थ आहे.

वही विकत घेताना दुकानात एक पान उघडा आणि टिपकागदावर पाण्याचा थेंब सोडायची परवानगी मागा. थेंब लगेच पसरला पाहिजे. वर गोळी होऊन राहिला तर तो टिपकागद नाही, नुसता जाड कागद आहे.