नाण्याची कड न बघणारं ॲप

ॲपचं नाव देत नाही, कारण नाणी ओळखणाऱ्या ॲपांचा स्वभाव साधारण एकच असतो. नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, चक्र फिरतं, आणि नाव, साल, 'अंदाजे किंमत' हजर. आठवडाभर फुकट, मग वर्षाचे चाळीस युरो. वेळेत रद्द केलं नाही तर कार्डातून परस्पर जातात. मी डब्लिनला राहते आणि कार बूट सेलमध्ये (गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार) दिसला जुन्या नाण्यांचा डबा की उचलते. ब्रिटिश जॉर्ज राजे, राणी व्हिक्टोरिया, आयरिश हार्प (तंतुवाद्य), सगळं एकत्र कोंबलेलं असतं. ते पटापट वेगळं करून मिळावं एवढीच माझी अपेक्षा होती.

ते काम ॲप करतं, खोटं कशाला बोला. विशेषतः 1928 नंतरची आयरिश नाणी. कवी येट्स ज्या समितीचे अध्यक्ष होते तिने शिल्पकार पर्सी मेटकाफची चित्रं निवडली: अर्ध्या पेनीवर पिल्लांसह डुकरीण, पेनीवर कोंबडी, फ्लोरिनवर (दोन शिलिंगचं नाणं) सामन मासा, हाफ क्राऊनवर (अडीच शिलिंग) घोडा. इतकी ठसठशीत चित्रं कोणीही ओळखेल, ॲपही ओळखतं.

घोळ किमतीपासून सुरू होतो. माझ्याकडच्या 1942 च्या झिजक्या फ्लोरिनचा शेवटचा आकडा त्याने 3 वाचला आणि हजारो युरोंचा आकडा हिरव्या अक्षरांत झळकवला. 1943 चे फ्लोरिन पाडले खरे, पण जवळजवळ सगळे वितळवले गेले, म्हणून ते दुर्मीळ. अशा वेळी भिंग घेऊन तो आकडा स्वतः बघायचा असतो. माझ्या नाण्यावर 2 चा सपाट तळ सरळ दिसतो. 1943 पर्यंतच्या फ्लोरिनमध्ये 75 टक्के चांदी आहे आणि 1951 पासूनच्यात अजिबात नाही, हे मात्र ॲपने कुठेच सांगितलं नाही. मासा तोच, म्हणून भावही जवळपास तोच!

व्हिक्टोरियाच्या पेनीचंही तसंच. 1882 च्या पेनीवर सालाखाली बारीक 'एच' असतो, बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची खूण. एच असलेली पेनी ढिगाने मिळते, नसलेली दुर्मीळ. आता एच झिजून गेला असेल तर? ॲपला तो दिसत नाही, आणि लगेच 'दुर्मीळ' ची पट्टी. हे बघून कोणी नाणं विकत घेतलं तर बसला फटका.

खरी परीक्षा टोकनांची. अठराव्या शतकाच्या अखेरीस तांब्याच्या सुट्या पैशांची इतकी टंचाई होती की खाणमालक आणि दुकानदारांनी आपापले अर्धे पेन्स पाडले. 1787 मध्ये वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस (Parys) नावाच्या खाणीने ड्रुइडचं (प्राचीन केल्टिक पुरोहिताचं) डोकं असलेलं टोकन काढलं, आणि 1789 मध्ये आयर्लंडच्या विकलो परगण्यातल्या क्रोनबेन खाणीचं आलं, त्यावर बिशपचं डोकं आणि काठी. माझ्याकडे क्रोनबेनची दोन आहेत. एकाच्या कडेवर अक्षरं आहेत: पैसे क्रोनबेन लॉजला किंवा डब्लिनला मिळतील, असा मजकूर. दुसऱ्याची कड कोरी, पत्रा पातळ, बिशपचं नाक सुजल्यासारखं. त्या काळातलीच नक्कल. ॲपने दोन्हींना एकच नाव आणि एकच भाव दिला. टोकनवाले डाल्टन आणि हॅमर यांच्या क्रमांकांनी बोलतात, आणि त्यांच्या यादीत नुसत्या कडेवरून प्रकार बदलतात. फोटो दोनच बाजूंचे घेणाऱ्या ॲपला हे कधी कळणार?

राजा दुसऱ्या जेम्सचा 'गन मनी' (जुन्या तोफा वगैरे वितळवून पाडलेला) शिलिंग त्याने ओळखला, पण त्यावरचा महिना वाचला नाही. 1689 आणि 1690 मधल्या या पितळी शिलिंगांवर साल आणि महिना दोन्ही असतात, आणि गिऱ्हाईक आधी तेच विचारतं.

सगळ्यात राग कशाचा आला असेल तर 'फोटो स्पष्ट येण्यासाठी नाणं घासून स्वच्छ करा' या सूचनेचा. तांब्यावरचा जुना तपकिरी थर एकदा गेला की किंमत गेली, ती परत येत नाही. नाणी विकायची असतील तर हात लावू नका, साध्या पाण्यानेही धुऊ नका.

पाचपैकी अडीच तारे. आठवडा फुकट आहे तोवर ढीग वेगळे करून घ्या आणि पैसे दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्यावर घाला. 1797 ची ती जाड ब्रिटिश 'कार्टव्हील' (गाडीचं चाक) पेनी बरोबर एक औंसाची, म्हणजे 28.3 ग्रॅमच्या आसपास. माझी एक चोवीसही भरत नाही. ॲप तिलाही अस्सल म्हणतं.

कडेचा फोटो कुठे टाकायचा, असं मी ग्राहक सेवेला विचारलं होतं. उत्तर आलं, 'कृपया दोन्ही बाजूंचे फोटो भरपूर उजेडात काढा.' त्याच संध्याकाळी वर्गणी रद्द केली.